जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे असमान स्टिअरिंग : दोष कसा शोधावा

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे स्टिअरिंग बिघडते तेव्हा ते दोन्ही बाजूंना सारखे बिघडतेच असे नाही. गाडी एका अंगाला ओढते. उजवीकडे हलके लागणारे स्टिअरिंग डावीकडे जड लागते. एका बाजूला गाडी एका दमात वळते, तर दुसऱ्या बाजूला मागेपुढे घ्यावी लागते. कधी चक्र फिरवताना हाताला जड-हलके, जड-हलके असे लागत राहते. या प्रत्येक असमानतेमागची कारणे वेगळी असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी तक्रार नेमकी कोणती आहे, हे ठरवणे हा निदानाचा पहिला भाग होय.

येथील विवेचन मुख्यतः पुढे अखंड एक्सल आणि कमानपाटे असलेल्या गाड्यांविषयी आहे. विलिज पठडीतील महिंद्राच्या सीजे-३बी, सीजे-३४० आणि एमएम-५४० या जीप, १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी आणि अशाच बांधणीचे छोटे ट्रक त्यात येतात. बॉल जॉइंट आणि स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपमध्ये काही भाग बदलतात, पण तपासणीचा क्रम तोच राहतो.

यंत्रणेची साखळी

चालकाच्या हातातील चक्रापासून चाकापर्यंत बळ एका साखळीने पोहोचते. चक्राखाली कॉलमचा शाफ्ट असतो, काही गाड्यांत त्याला एक किंवा दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात. पुढे चासीला बोल्टने घट्ट बसवलेला स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यातून बाहेर आलेल्या शाफ्टवरचा पिटमन आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो किंवा ओढतो. ड्रॅग लिंक एका बाजूच्या नकलला, म्हणजे चाकासह वळणाऱ्या सांध्याला, जोडलेली असते आणि टाय रॉड दोन्ही बाजूंच्या नकलना एकत्र बांधतो. नकल किंगपिनवर फिरते. जुन्या विलिज जीपमध्ये मधे आणखी एक दुवा असतो. ड्रॅग लिंक चासीच्या पुढच्या आडपट्टीवरील बेलक्रँकला जोडलेली असते आणि तिथून दोन वेगळे टाय रॉड दोन चाकांकडे जातात. बेलक्रँकची पिन व बुश झिजले की उरलेले सर्व भाग नवे असूनही स्टिअरिंग ढिले राहते.

दोष या साखळीत असू शकतो, तसाच साखळीबाहेरही असू शकतो. टायर, ब्रेक, कमानपाटे आणि पुढच्या चाकांना मिळणारी ड्राइव्ह यांतले बिघाडही चालकाला स्टिअरिंगमध्येच जाणवतात. त्यामुळे शोध बाहेरून आत, म्हणजे टायरपासून सुरू करून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत न्यावा. व्यवहारात अनेकदा उलटे घडते. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू सहज हाताला लागतो, म्हणून तोच आधी कसला जातो. प्ले, म्हणजे चक्राची मोकळी हालचाल, कमी झाल्यासारखा वाटतो, पण मूळ दोष तसाच राहतो आणि बॉक्स मात्र लवकर झिजतो.

चालवून पाहताना

चाचणी मोकळ्या, सपाट जागी आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये घ्यावी. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने गाडीचा किंचित कल डावीकडे जाणे स्वाभाविक आहे. तो दोष धरू नये.

गाडी फोर-व्हीलमध्ये असेल, तर कोरड्या डांबरावर स्टिअरिंग जड होणे हाही दोष नव्हे. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. चिखलात किंवा वाळूत चाक घसरून हा ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, आणि गाडी अडखळत, झटके देत वळते. फोर-व्हील काढल्यावरही गाडी तशीच वळत असेल, तर लिव्हर पुढे-मागे झाला तरी आतली ड्राइव्ह सुटली नसण्याची शक्यता पाहावी. थोडे अंतर मागे घेतल्यावर अडकलेला ताण बहुधा सुटतो.

चालवताना ओढीचा स्वभाव पाहावा. एकाच बाजूची सततची ओढ टायर, ब्रेक किंवा एक्सलच्या जागेकडे बोट दाखवते. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी ओढ ब्रेकची किंवा सैल कमानपाट्याची असते. डावे वळण संपल्यावर गाडी डावीकडेच राहते आणि उजव्या वळणानंतर उजवीकडे, चक्र आपोआप सरळ होत नाही, असे असेल तर कुठेतरी घर्षण वाढले आहे. किंगपिन जास्त कसलेली, कॉलमचा जॉइंट गंजलेला, बॉक्स जास्त आवळलेला किंवा किंगपिनचा मागचा कल (कॅस्टर) कमी झालेला, यांपैकी एक कारण बहुधा सापडते. खड्ड्यातून जाताना चक्र स्वतःहून एका बाजूला फिरत असेल, तर ड्रॅग लिंकचा कोन तपासावा.

टायर, बेअरिंग आणि ब्रेक

सर्वात स्वस्त तपासणी आधी करावी. चारही टायरमधील हवा थंड असताना मोजून पुस्तिकेतल्या आकड्यावर आणावी. पुढच्या दोन टायरमध्ये काही पौंडांचा फरकही गाडीला कमी हवेच्या बाजूला ओढतो. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. लहान घेराचा टायर आपल्या बाजूला गाडी खेचतो.

मग पुढच्या चाकांची डावी-उजवी अदलाबदल करावी. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा. आतले थर तिरके बसलेल्या रेडियल टायरमध्ये हा दोष बाहेरून दिसत नाही. बाजू तीच राहिली तर टायर निर्दोष ठरतो. एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीच्या टायरवर मात्र ही चाचणी करता येत नाही.

टायरची झीजही बोलकी असते. नक्षीच्या कडा एका दिशेला करवतीसारख्या धारदार लागल्या तर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, चुकला आहे. एकच खांदा झिजला तर चाकाचा उभा कल (कॅम्बर) बिघडला आहे, म्हणजे एक्सल वाकला आहे किंवा बेअरिंग सैल आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर पाहावेत.

ब्रेकसाठी गाडी काही किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरून चालवावी आणि थांबल्यावर दोन्ही ड्रमजवळ सावधपणे हात नेऊन पाहावा. एक ड्रम स्पष्टपणे जास्त तापलेला असेल, तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. अडकलेला व्हील सिलिंडर, तुटलेली शू-स्प्रिंग किंवा आतून फुगलेला रबरी होज ही त्याची नेहमीची कारणे आहेत. ब्रेक दाबल्यावर ओढ येत असेल तर ज्या बाजूला गाडी जाते तिच्या विरुद्ध बाजूचे लायनर आधी पाहावेत. नकलमधून गळलेल्या ग्रीस-तेलाने भिजलेले लायनर पकड सोडतात.

एक्सल जागेवर आहे का

अखंड एक्सल चासीला कमानपाट्यांनीच धरलेला असतो. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाला, तर पुढच्या एक्सलची एक बाजू मागे सरकते आणि गाडी सतत त्याच बाजूला जाऊ पाहते. हे टेपने मोजता येते. चाके सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना घ्यावे. फरक आढळला तर एक्सल पुढचा सरकला की मागचा, हे ठरवण्यासाठी चासीवरील एका ठरावीक बोल्टपासून दोन्ही बाजूंना पुन्हा माप घ्यावे.

पाटे बसले आहेत का, हे सपाट जमिनीवर चासीची दोन्ही बाजूंची उंची मोजून कळते. शॅकलचे बुश झिजले असतील तर ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात एक्सल आडवा हलतो आणि ड्रॅग लिंक जागेवर असताना चाके मात्र वळतात.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन. चक्र वळणानंतर सरळ होते ते मुख्यतः त्याच्यामुळे. विलिज पठडीच्या जीपमध्ये तो ३ अंश आणि किंगपिनचा आत झुकलेला कल साडेसात अंश असतो. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसवलेली पाचर उलटी बसली, किंवा उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल लावले, तर कॅस्टर बदलतो. दोन्ही बाजूंचा कॅस्टर वेगळा झाला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. अखंड एक्सलमध्ये असा फरक एक्सल पिळला गेला असेल किंवा पाचरी असमान असतील तरच पडतो.

गाडी ओढते म्हणून थेट टो बदलण्याची पद्धत येथे निरुपयोगी ठरते. एकाच टाय रॉडने बांधलेली चाके टोमधली चूक आपसात वाटून घेतात. तिच्यामुळे टायर झिजतात, गाडी भरकटते, पण सतत एका बाजूची ओढ तिने येत नाही.

जोडण्यांमधला प्ले

यासाठी दोन माणसे लागतात. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने चक्र दोन्ही बाजूंना हलकेच, पण सतत हलवावे. दुसऱ्याने खाली क्रमाने प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवून पाहावे. सांध्याचा एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकची टोके, पिटमन आर्मचे स्प्लाइन आणि बेलक्रँक यांच्याइतकेच लक्ष बॉक्सच्या बुडाकडे द्यावे. जुन्या जीपमध्ये बॉक्स बसवलेल्या जागी चासीला तडा जाणे किंवा बोल्टची भोके मोठी होणे हे नित्याचे आहे. तडा मातीखाली दिसत नाही. ती जागा धुऊन, बॅटरीच्या उजेडात, कोणी चक्र हलवत असताना पाहावी. तड्यातून गंजाची बारीक रेघ उतरलेली असते.

नंतर पुढचा भाग जॅकवर उचलून घोड्यांवर टेकवावा आणि मागच्या चाकांना अडण लावावी. नुसत्या जॅकवर गाडीखाली काम करू नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. राहिला तर किंगपिन झिजली आहे. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर लागणारा प्ले टाय रॉडचा असतो.

साखळी तोडून तपासणी

स्टिअरिंग जड आहे, पण कुठे ते कळत नाही, अशा वेळी साखळी मधोमध सोडवणे हा खात्रीचा उपाय आहे. चाके अधांतरी असताना ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून पुलरने सोडवावी. पिनच्या आट्यांवर हातोडा मारू नये.

आता चक्र फिरवावे. ते जड किंवा खरखरीत लागले तर दोष कॉलममध्ये किंवा बॉक्समध्ये आहे. लिंक सुटलेली असताना चक्र जोराने शेवटपर्यंत आपटू नये. रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारच्या बॉक्समध्ये त्यामुळे गोळ्या परत नेणाऱ्या नळ्यांना इजा होते. चक्र हलके असेल तर चाके हाताने फिरवून पाहावीत. ती जड असतील तर टाय रॉडही सोडवून डावी आणि उजवी नकल वेगवेगळी तपासावी. स्टिअरिंग आर्मच्या टोकाला ताणकाटा लावून ओढले की दोन्ही बाजूंमधला फरक आकड्यात मिळतो.

जड बाजूच्या नकलमध्ये बहुधा किंगपिनचे बेअरिंग खराब झालेले असते किंवा शिम कमी घालून ते जास्त आवळलेले असते. नकलचे सील फाटले की ओढ्यातले पाणी आणि शेतातला चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघते आणि बेअरिंग गंजते. भातखाचरांतून किंवा खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाड्यांमध्ये हे लवकर घडते.

स्टिअरिंग डॅम्पर असेल तर तोही सोडवून हाताने दाबून-ओढून पाहावा. दोन्ही दिशांना विरोध सारखा लागला पाहिजे. गॅस भरलेला डॅम्पर सोडल्यावर आपोआप लांबतो, म्हणून चुकीच्या जागी बसवल्यास तो एका बाजूला किंचित ढकलत राहतो.

डावे-उजवे वळण असमान असल्यास

चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजाव्यात आणि बरोबर निम्म्या फेऱ्यांवर आणावे. चाके सरळ झाली तर मध्य बरोबर आहे. फक्त चक्राचा आरा तिरका दिसत असेल तर चक्र स्प्लाइनवर चुकीच्या दातावर बसले आहे. चाके सरळ होत नसतील तर ड्रॅग लिंकची लांबी चुकली आहे, पिटमन आर्म चुकीच्या स्प्लाइनवर आहे किंवा एखादा आर्म वाकला आहे.

या मध्याला एवढे महत्त्व असण्याचे कारण बॉक्सच्या रचनेत आहे. आतले दाते मध्यभागी सर्वात घट्ट बसतील आणि दोन्ही टोकांकडे किंचित सैल होतील, असे घडवलेले असतात. ड्रॅग लिंक लहान-मोठी करून चक्र सरळ दिसेल एवढेच पाहिले, तर सरळ रस्त्यावर बॉक्स आपल्या मध्यावर नसतो. मग सरळ चालताना प्ले जाणवतो, आणि एका बाजूला वळताना घट्ट जागा आडवी येते. म्हणून लिंक सोडलेली असतानाच बॉक्सचा स्वतःचा मध्य शोधावा, चाके सरळ करावीत आणि मग लिंकची लांबी त्या दोघांना जुळवून घ्यावी.

वळणाचा घेर कमी-जास्त असेल तर नकलवरचे स्टॉप बोल्ट पाहावेत. डाव्या टोकाला डावे चाक जेवढे वळते तेवढेच उजव्या टोकाला उजवे चाक वळले पाहिजे. एकाच वळणातील आतले व बाहेरचे चाक यांची तुलना करू नये, कारण आतले चाक जास्त वळावे अशीच रचना असते. रुंद टायर पाट्याला घासू नये म्हणून कोणी एकाच बाजूचा बोल्ट बाहेर काढलेला असणे हे नेहमीचे कारण आहे. पण हे बोल्ट एक्सलच्या जॉइंटलाही मर्यादेत ठेवतात, त्यामुळे ते सरसकट आत घेऊ नयेत.

जड-हलके लागणारे चक्र

चक्राच्या एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलके लागत असेल, तर कॉलमच्या शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट संशयित ठरतात. कोनात काम करणारा असा जॉइंट एका फेरीत दोनदा वेग बदलतो. दोन जॉइंट योग्य रीतीने जुळवले की एकाचा चढउतार दुसरा रद्द करतो. शाफ्ट उघडून पुन्हा बसवताना एका दाताची चूक झाली तर हा मेळ बिघडतो. म्हणून उघडण्याआधी खूण करावी. गंजून अडकलेला जॉइंटही असाच परिणाम देतो.

हीच लय चक्र स्थिर धरून, वळणात गाडी चालत असताना हाताला धडधड म्हणून जाणवली आणि ती फक्त फोर-व्हीलमध्ये आली, तर ती पुढच्या हाफ शाफ्टची असते. जुन्या जीपच्या नकलमध्ये साधा क्रॉस असलेला जॉइंट असेल तर पूर्ण वळणावर थोडी धडधड स्वाभाविक आहे. एकाच बाजूला वळताना ती जास्त असेल किंवा कटकट आवाज येत असेल, तर बाहेरच्या बाजूच्या चाकाचा जॉइंट आधी उघडावा.

बॉक्स आणि पॉवर स्टिअरिंग

वरचे सर्व निर्दोष ठरल्यावरच बॉक्सकडे वळावे. आधी तेलाची पातळी आणि खालच्या सीलची गळती पाहावी. ॲडजस्टमेंटचा क्रम ठरलेला आहे : आधी वर्मच्या बेअरिंगचा ताण, मग बॉक्स मध्यावर ठेवून सेक्टर शाफ्टचा स्क्रू. जुन्या बॉक्समध्ये मधले दाते जास्त झिजतात, कारण बहुतेक प्रवास सरळच होतो. मधला प्ले पूर्ण काढेपर्यंत स्क्रू कसला तर कडेचे कमी झिजलेले दाते अडकू लागतात. असा बॉक्स ॲडजस्टमेंटने सुधारत नाही. तो उघडून दुरुस्त करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत पुढची चाके अधांतरी ठेवून इंजिन बंद असताना आणि चालू असताना असे दोनदा चक्र फिरवावे. बंद असताना दोन्ही बाजूंना सारखे आणि चालू असताना असमान लागले, तर दोष हायड्रॉलिक भागात आहे : कंट्रोल व्हॉल्व्हचा मध्य सरकलेला किंवा आतले सील फाटलेले. इंजिन चालू करताच चक्र स्वतःहून एका बाजूला फिरू लागले, तर व्हॉल्व्हचाच दोष नक्की. दोन्ही बाजूंना सारखेच जड असेल तर तेल, बेल्ट आणि पंप पाहावेत. चक्र पूर्ण वळवून काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, पंप तापतो.

जोराची थरथर

ठरावीक वेगाला खड्डा लागताच पुढचा एक्सल थरथरू लागतो आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. अखंड एक्सलच्या गाड्यांतला हा धोकादायक दोष बहुधा अनेक लहान ढिलेपणांच्या बेरजेतून येतो : बॅलन्स गेलेले चाक, सैल किंगपिन, झिजलेले टाय रॉड एंड, चुकलेला कॅस्टर. नवा डॅम्पर लावल्यावर थरथर दबते, पण सैल भाग सैलच राहतो. डॅम्पर सर्वात शेवटी बदलावा.

दुरुस्तीनंतर

अलाइनमेंट सर्व सैल भाग बदलल्यावरच करावे; ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. प्रत्येक कॅसल नटला नवी स्प्लिट पिन घालावी, यू-बोल्ट काही दिवस चालवल्यावर पुन्हा आवळावेत आणि सर्व निपलमध्ये ग्रीस भरावे. वाकलेला टाय रॉड किंवा आर्म तापवून सरळ करू नये आणि त्याला वेल्डिंगही करू नये, तो बदलावाच. चासीच्या तड्याचे काम मात्र चासीचे वेल्डिंग जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. किंगपिनमध्ये स्पष्ट प्ले, टाय रॉड एंडमध्ये उभा प्ले, बॉक्सजवळ तडा किंवा तुटलेला सेंटर बोल्ट यांपैकी काहीही आढळले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर आणू नये.